सिस्टरबाईंची पटरी

लोहाऱ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत आज जी चाळिशीतली माणसं आहेत, त्यांतल्या बहुतेकांनी लहानपणी सिस्टरबाईंसमोर भोकाड पसरलेलं आहे. मीही पसरलेलं आहे. आणि बाई ते कोणाला विसरू देत नसत. सरपंच असो की एमआयडीसीतला कंत्राटदार, चार लोकांत ऐटीत उभा असला की बाई त्याच्याकडे बोट करून बाजूच्याला सांगत, "हा लय लाथा झाडे." तो बिचारा गोरामोरा व्हायचा. चेहरा ओळखीचा वाटला नाही तर सरळ हुकूम, "बाही वर कर." दंडावरचा लशीचा वण पाहून त्या सांगत की हा दंड आपला की दुसऱ्या सिस्टरचा. माझी बायको नेरची. लग्न होऊन आली तेव्हा बाईंनी तिचीही बाही वर करायला लावली, वण निरखून पाहिला, आणि नेरच्या सिस्टरचा हात जरा वाकडा आहे म्हणून शेरा मारला. बायको त्याचा राग अजून माझ्यावर काढते.

बाई आमच्या शेजारी राहत. सरकारी उपकेंद्रात नर्स होत्या आणि सगळी नोकरी त्यांनी याच पट्ट्यात काढली. कमल हे नाव कागदावर असेल तेवढंच, एरवी सिस्टरबाई, नाहीतर नुसतं बाई. अंगावर सुती लुगडं आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना खडू लावून पांढरे करताना त्या ओट्यावर बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालण्यावरून त्याच्या तब्येतीवर बोलत. फुकट सल्ला ऐकायला नको म्हणून आमच्या गल्लीतले काही लोक लांबच्या रस्त्यानं जात. खोटं नाही सांगत, मीही एकदोनदा गेलोय.

माझं सायकलचं दुकान आहे. म्हणजे सायकलचं आहे असं पाटीवर लिहिलेलं आहे, पोट मोटारसायकलच्या पंक्चरवर चालतं. बाई रिटायर झाल्या आणि थोड्या दिवसांनी दुकानात येऊन म्हणाल्या, मले सायकल पाह्यजे. मी विचारलं, कोणासाठी? तर म्हणाल्या, "मले म्हणजे मले." मी हसलो. नको होतं हसायला. या वयात हाडं मोडून घ्याल, असं मी म्हणताच त्यांनी माझं सगळं बालपण दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर काढलं, सुई पाहून मी कसा खाटेखाली शिरलो होतो तिथपासून. मी मुकाट्यानं एक लेडीज सायकल काढून दिली.

त्या शिकल्या कुठं, तर पटरीवर.

आमच्याकडे पटरी म्हणजे छोटी लाईन. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी कधीच बंद पडली. मोठी लाईन होणार, मोठी गाडी येणार, असं म्हणतच आम्ही म्हातारे होऊन राह्यलो. पण गाडी होती तेव्हा ती बाईंची सरकारी जीपच होती म्हणा ना. इकडची माती काळी. पावसाळ्यात वावरात पाय टाकला की पाय वर येतो, चप्पल खालीच राहते. कोरडी वाट एकच, गिट्टीवर उचललेली पटरी. गाडी असली तर गाडीनं, नसली तर दोन रुळांच्या मधून चालत, खांद्याला लशीचा थंड डबा लावून बाई खेड्याखेड्यांना जात. ड्रायव्हर त्यांना पाहून गाडी हळू करायचा. गार्ड डबा मांडीवर घेऊन बसायचा.

त्या गार्डची एक गंमत बाई फार रंगवून सांगत. त्याच्या बायकोनं पोराला लस द्यायला नकार दिला होता आणि हा गडी बायकोपुढं गप्प. बाईंना कळलं. शेजारच्या खैरखेडला गाडी थांबली, बाई उतरेचनात. पोराला उद्या आणतो म्हण, तरच उतरते. गार्डाला झेंडी दाखवता येईना, कारण बाई एक पाय गाडीच्या डब्यात आणि एक पाय फलाटावर ठेवून उभ्या. पॅसेंजर खाली उतरून शेंगा सोलत बसले. एक जण तर म्हणे नाल्यावर जाऊन आंघोळ करून आला. शेवटी गार्डानं शपथ घेतली तेव्हा गाडी हलली. पोरगं आता मोठं झालं असेल, पण बाईंच्या गोष्टीत ते कायम दीड वर्षाचंच राहिलं.

तर पटरी. गाडी बंद झाली, मग आमच्या बाजूचे रूळ गेले, मागून स्लीपर गेले. कोणी नेले ते विचारू नका, कोणीच सांगणार नाही. उरला तो उंच बांध, नाल्यावरचा एक पूल आणि दोन्हीकडून चढलेली वेडी बाभूळ. माणसानं जावं अशी जागा राहिली नव्हती. बाई मात्र रोज सकाळी विळा घेऊन तिकडे जाऊ लागल्या. लोक म्हणाले, रिटायर झाल्यावर काहींना असं होते.

त्यांच्या डोक्यात काय होतं ते मला, त्यांनी साफ केलेल्या तुकड्यावर त्यांना सायकल शिकवताना कळलं. खैरखेडची शाळा सातवीपर्यंत. आठवीला लोहाऱ्याला यावं लागतं. रस्ता एकच, हायवे, आणि त्यावर एमआयडीसीचे ट्रक. पोट्टे कोणाच्या ना कोणाच्या गाडीवर लटकून येतात. पोरींना कोण पाठवतो? सातवी झाली की पोरगी घरी. बाईंनी ज्यांना बाळपणी टोचलं, ज्यांच्या आयांचं बाळंतपण पाहिलं, त्या पोरी ऐन शिकायच्या वयात चुलीपुढं बसलेल्या त्यांना दिसत होत्या. आणि इकडे पटरी सरळ, खैरखेडच्या मागच्या अंगापासून थेट लोहाऱ्याच्या शाळेमागं येणारी, एकही ट्रक नसलेली. फक्त काटे काढायचे आणि मुरूम टाकायचा. बाई म्हणायच्या, वाट तं तयारच आहे बाप्पा, फक्त ती झाकली गेली.

शिकताना बाई पडल्या त्या थेट गजाननच्या तुरीत. गजानन खैरखेडचा, पटरीला लागून त्याचं वावर, मनानं चांगला, देवभोळा माणूस. त्यानं धावत येऊन बाईंना उचललं, तर बाईंनी पडल्या पडल्या त्याला विचारलं, तुही वैष्णवी सातवीत ना? पुढं काय? गजानन म्हणाला, पुढं काय, घरीच. बाईंनी कपड्यांची माती झटकली आणि म्हणाल्या, "घरी नाही. इथून जाईन ते शाळेत. तू फक्त पाह्य." त्या दिवसापासून पटरी नुसती पटरी राहिली नाही, वैष्णवीचं आणि तिच्यासारख्यांचं आठवीत जाणं तिच्यावर येऊन ठेपलं.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. बाईंनी सगळे दंड वसूल केले. ज्याला ज्याला टोचलं त्याच्या दारात जाऊन उभ्या. एक सकाळ दे. नाही म्हणायची कोणाची छाती? सरपंचानं कोयता चालवला, मास्तरांनी घमेली उचलली, कंत्राटदारानं मुरूम टाकला, मी तर दुकान बंद ठेवून आलो. कचेऱ्यांत बाईंनी अर्ज दिले होते. एक म्हणे जमीन आमची नाही, दुसरा म्हणे आमची आहे पण आमच्या हातात नाही. हरकत नाही असं कोणी लिहून देईना, हरकत आहे असंही देईना. बाई अर्ज देत राहिल्या आणि काम करत राहिल्या. दोन्ही बाजूंनी कडुनिंब आणि करंज लावले. पहिला उन्हाळा बाईंनी आणि खैरखेडच्या बायांनी डोक्यावर पाणी वाहून ती झाडं जगवली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी वैष्णवी आणि तिच्या मैत्रिणी माझ्याकडून घेतलेल्या जुन्यापान्या सायकलींवर, वेण्या घट्ट बांधून, घंट्या वाजवत पटरीवरून आल्या. बाई पुलाजवळ उभ्या होत्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत. प्रत्येकीच्या चाकात हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि मला ऐकू येईल असं म्हणाल्या की या सायकलवाल्यानं हवा कमी भरली. पुढं तर यवतमाळची माणसं सकाळी फिरायला पटरीवर येऊ लागली. फोटो काढत, चिप्सची पाकिटं टाकत. बाई त्यांना पाकिटं उचलायला लावत. मोठे मोठे साहेब वाकून पाकिटं उचलताना मी पाहिलेत, मजा यायची.

ते दिवस चांगले होते. तेवढंच म्हणतो.

आमच्याकडच्या शेतकऱ्याला जमिनीची लय हाव असते असं नाही, पण धुरा, म्हणजे दोन वावरांमधली हद्द, ही गोष्ट त्याला गप्प बसू देत नाही. मोकळी जागा दिसली की वखर आपोआप तिकडे वळतो. पटरी साफ झाली, काटे गेले, आणि गजाननला दिसलं की बांधाची कड नुसती पडून आहे. पुलाच्या तोंडाशी त्यानं थोडी कड वखरली. पुढच्या वर्षी आणखी थोडी. सायकल जाईल एवढीच जागा राहिली, आणि तिथं पाऊस झाला की कड ढासळे. बाईंनी समजावलं, भांडल्या, त्याच्या पोरीचं नाव घेऊन भांडल्या. तो हात जोडून म्हणे, बाई, रेल्वेची जागा आहे, तुमची नाही ना. पाय ठेवायला जागा ठेवतोच की. त्याचं पाहून शेजारच्यानंही वखर फिरवला. एका पोरीची सायकल घसरून ती खाली गेली, हात मोडला. दोन घरांनी पोरी पाठवणं थांबवलं.

इथं बाईंचा स्वभाव सांगितला पाहिजे. बाई बौद्ध. त्यांच्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि घरातले देव त्याच आठवड्यात नदीत सोडले. ही गोष्ट बाई मान ताठ करून सांगत. गणपतीच्या मांडवात त्या जात, वर्गणी देत, प्रसादही खात, पण हात कधी जोडले नाहीत. अंगात येणं, उतारा, कोप, या शब्दांवर त्यांचा जन्माचा दावा होता. लसीकरणाच्या दिवशी एका बाईच्या अंगात आलं होतं, पोराला सुई टोचाल तर गाव जाळीन म्हणत होती. बाईंनी तिला ताटकळत ठेवलं नाही, सुई पुढं करून म्हणाल्या, देवी, आधी तुमी बाही वर करा. अंगातलं जागच्या जागी उतरलं. अशी बाई.

अशा बाईनं एके दिवशी गजाननला वखरताना पाहिलं. बैल सरळ रेषेत चालत होते. पळसाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, तिथं आल्यावर गजाननने बैल थांबवले, चप्पल काढली, हात जोडले, आणि वखर दगडाला लांबून वळसा घालून नेला. एवढी चांगली जागा त्याच्या घरानं पिढ्यान्पिढ्या सोडून दिलेली. बाई बराच वेळ ते पाहत उभ्या राहिल्या. तिथून दुकानात येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे तेलाचा डबा मागितला.

सकाळी उजाडता उजाडता मी त्यांच्याबरोबर पुलावर होतो. रेल्वेचा एक जुना मैलाचा दगड उताराला पडलेला होता. तो आम्ही दोघांनी लोटत आणून, जिथं वखर फिरत होता नेमका तिथं पटरीच्या कडेला उभा केला. शेंदूर बाईंनीच वाण्याकडून आणला होता, आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हटलं, द्या, मी लावतो, मला काही वाटत नाही. बाई म्हणाल्या, "काम माह्यं, हात बी माह्याच." आणि त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला. तेलात शेंदूर कालवून, सुई टोचण्याआधी दंड पुसावा तशा गोल गोल हातानं त्यांनी तो दगड रंगवला. दगडावरचा आकडा बुजला. बोळा त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत परत ठेवला. 

उपाय रामबाण लागू पडला. गजाननचा वखर दुसऱ्याच दिवशी दगडापासून लांब वळला. शेजारच्याचाही. कड आम्ही पुन्हा भरली, पोरी पुन्हा येऊ लागल्या. बाई मला म्हणाल्या की पाह्य बाप्पा, इतके अर्ज केले, कोणी हललं नाही, अन् एका डबीभर शेंदरानं काम झालं. हसत होत्या, पण ते हसू त्यांच्या तोंडावर नीट बसत नव्हतं.

देव आमच्याकडे एकटा राहत नाही. पंधरवड्यात दगडापुढं नारळ फुटलेला दिसला. मग लाल झेंडा, मग घंटा. नाव पडलं पटरीमाय. गजाननच्या आजारी बैलाला तिच्या अंगाऱ्यानं बरं वाटलं म्हणे. त्यानं टिनाचं छप्पर घातलं. कंत्राटदारानं, आपल्याच कंत्राटदारानं, फरशी दिली. सरपंचानं सभामंडप मंजूर करून आणला आणि तो पुलाच्या तोंडाशी, पटरीच्या बरोबर मधोमध उभा राहिला. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला रानडुकरांसाठी झटका तार लावलेलं वावर. जायचं तर मंडपातूनच. तरी बाई म्हणत होत्या, जाऊ द्या, पोरी चपला काढून सायकल ढकलत नेतील, काय बिघडते.

मग पाटी लागली. चपला बाहेर काढाव्यात. अडचणीतल्या महिलांनी मंडपात येऊ नये.

पाळीची गोष्ट. पोरी आठवी-नववीतल्या. महिन्यातले चार दिवस मंडप बंद, म्हणजे पटरी बंद, म्हणजे शाळा बंद. बरं, गुपचूप जावं तर खेड्यात कोणाची पाळी कधी हे साऱ्या गल्लीला माहीत. आणि पुजारी कोण? गजानन. त्याची वैष्णवीच पहिल्यांदा घरी राहिली, कारण पुजाऱ्याच्या घरात चूक झाली तर गाव काय म्हणेल. चार दिवसांचे आठ झाले. चाचणी बुडाली, वर्गात मागं पडली, मग म्हणू लागली की मले नाही जावंसं वाटत. ज्या पोरीसाठी बाईंनी पटरीवरचे काटे काढले, तीच पोरगी पटरीमायच्या पायी घरात बसली. बाईंनी उभ्या जन्मात पोरींना सांगितलं होतं की पाळी म्हणजे विटाळ नाही, आणि आता त्यांनीच मांडलेला दगड पोरींना उलटं शिकवत होता.

बाई गजाननकडे गेल्या. तो वाईट माणूस नाही हो, त्याचाही जीव पोरीवर होता. तो म्हणाला, माह्या हातात काय आहे बाई, कोप झाला तं कोन निस्तरीन? बाई परत आल्या आणि ठरवून टाकलं. खैरखेडच्या ग्रामसभेत खरं काय ते सांगायचं.

मी बरोबर गेलतो. सभेत आधी नळाच्या पाण्यावर भांडण झालं, मग बाई उभ्या राहिल्या. त्यांना पाहून लोक गप्प झाले, तेवढा मान होताच. बाईंनी भाषण केलं नाही. सरळ सांगितलं, "तो दगड मी ठेवला. रेल्वेचा आहे, मैलाचा. शेंदूर मीच लावला, वखर थांबावा म्हणून. खरवडून पाहा, खाली आकडा आहे. मी खोटं केलं. मले माफ करा, अन् पोरींले जाऊ द्या." मीही उठलो आणि म्हटलं, खरं आहे, मी सोबत होतो, तेल माझ्या दुकानातलं.

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, अंगावर आले असते, बाई त्याला तयार होऊन आल्या होत्या. सगळी सभा नुसती बघत राहिली. मग गजाननची म्हातारी आई काठी टेकत उठली, बाईंपुढं आली, आणि म्हणाली, "बाई, तुमी तं देव मानत नाही. कधी हात नाही जोडले. मंग तुमाले त्याच जागी दगड मांडायची बुद्धी कोनं देली?"

 आयुष्यभर ज्यांना कोणी निरुत्तर केलं नव्हतं त्या बाई नुसत्या उभ्या होत्या. म्हातारी वाकली आणि तिनं बाईंच्या पायावर डोकं ठेवलं. मागून बाया उठू लागल्या. बाईंचं न मानणं हाच त्यांना पुरावा झाला, की देवीनं स्वतः हिला धरून आणलं आणि आपली जागा मांडून घेतली. माझ्याही पाया पडायला एक जण आला, मी पळालो.

त्यानंतर बाईंना रस्त्यानं चालणं मुश्कील झालं. बाया पदर पसरून वाकत. ज्यांची बाही त्या वर करायला लावत, ते लोक आता खाली मान घालून उभे राहत. थट्टा कोणी ऐकेना, सल्ला कोणी टाळेना. यवतमाळला त्यांचा भाऊ होता, त्याला कुठून तरी कळलं. तो एकदा येऊन गेला. ओट्यावर बसून चहाही न घेता एवढंच म्हणाला की बाबांनी देव नदीत सोडले अन् तू, कमल, मांडले. मी शेजारी आमच्या घरातून ऐकत होतो. 

एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "दिलीप, मी अर्जच करत राह्यले पाह्यजे होते. उशीर झाला असता. भांडन झालं असतं. पन वाट वाटच राह्यली असती." मी चिडलो. माझा स्वभावच तसा, दुसऱ्याचं दुःख पाहिलं की मला राग येतो. मी म्हटलं, झालं ते झालं, आता लोक म्हणतात ना देवी तुमच्यातून काम करते, तर एकदा बोलून टाका तिच्या तोंडानं, की पोरींले जाऊ द्या. मोकळं होईल सगळं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुकानात पळालो. पुढं बरेच दिवस त्यांनी माझ्याकडे हवा भरायलासुद्धा सायकल आणली नाही.

नवरात्र आलं. त्याच दिवसांत शाळेतून निरोप आला की वैष्णवीचं नाव आता कमी करावं लागेल. तो निरोप घेऊन गुरुजी बाईंकडे आले, कारण पोरीला शाळेत त्यांनीच घातलं होतं. बाईंनी ऐकून घेतलं. पुण्याला असलेल्या आपल्या मुलाला फोन लावला, की तू नेहमी म्हणतो ना, पुण्याले येऊन राह्य, तं ये, घेऊन जा मले. मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली आणि आपण पटरीवर जाऊ म्हणाल्या.

मंडपात आरती चालू होती. गर्दी मावत नव्हती. बाहेर दोरी बांधलेली, तिच्या पलीकडे अडचणीतल्या बाया आणि पोरी उभ्या. त्यांत वैष्णवी होती. बाई दोरीपाशी थांबल्या, तिच्याकडे पाहिलं. मग बूट काढून आत गेल्या. लोकांनी वाट करून दिली. आरती संपत आली तेव्हा बाईंनी मागं हात नेला आणि अंबाडा सोडला.

पांढरे केस पाठीवर मोकळे सुटले. मी बाईंचे केस मोकळे कधीच पाहिले नव्हते. त्या डोलू लागल्या. फार वाईट डोलत होत्या, त्यांना जमतच नव्हतं, ठेका चुकत होता. पण कोणाला ते दिसलं नाही, सगळे खाली मान घालून होते. आवाज मात्र त्यांचाच होता, लसीकरणाच्या दिवशी साऱ्या गावाला ऐकू जायचा तो. "माह्या पोरी माह्या दारातून जातीन. कोन्याही दिवशी जातीन. मले विटाळ नाही. जो अडवीन त्याच्या घरी मी येईन." गजाननने फरशीवर लोटांगण घातलं. बाया रडू लागल्या. कोणीतरी बाईंच्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं. त्यांचे डोळे उघडे होते आणि सगळा वेळ दोरीच्या पलीकडे लागलेले होते.

परत येताना मी दोघांच्या सायकली ओढत होतो, त्या पुढं चालत होत्या. पदरानं कपाळ पुसत होत्या, कुंकू निघत नव्हतं. मीच सुचवलं होतं ते झालं होतं, पोरींचं काम झालं होतं, आणि मला कोणी तरी मेल्यासारखं वाटत होतं. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला, दुपारी निघायचं ठरलं. बाई म्हणाल्या, त्याआधी एकदा पुलापर्यंत जाऊन येऊ. पाटीवरची ती ओळ कोणीतरी पहाटेच चुन्यानं पुसून टाकली होती. दोरी सोडलेली होती. शाळेची वेळ झाली आणि खैरखेडकडून करंजांच्या सावलीतून सायकली आल्या, सगळ्या आल्या, आणि पुढं वैष्णवी.

बाईंना पाहून ती उतरली. सायकल स्टँडला लावली, दप्तर काढून ठेवलं, आणि बाईंच्या पायावर डोकं टेकलं. बाई म्हणाल्या, "ऊठ, उशीर होते." ती उठेना. मागच्या पोरी उतरून तिच्या मागं ओळीनं उभ्या राहिल्या. वैष्णवी खालूनच म्हणाली, "माय, आशीर्वाद द्या, मंग जातो." कालपर्यंत ती त्यांना बाई म्हणत होती.

सिस्टरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नाल्याकडे पाहू लागलो. मग त्यांनी उजवा हात वर केला, कॅलेंडरवरच्या देवीचा असतो तसा, तळवा पुढं करून. पोरी एकेक करून वाकल्या, सायकलवर बसल्या आणि मंडपातून घंटा वाजवत पलीकडे गेल्या. शेवटची पोरगी झाडांआड दिसेनाशी झाली तरी बाईंचा हात तसाच वर होता. खाली घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.